पन्नास गुणांचा कागद

गेल्या दिवाळीत एका बिअरची परीक्षा घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला. वाचकांनी एवढ्यावरच नाक मुरडू नये. या लेखात पुढे नाकाचे काम बरेच आहे.

परीक्षा घेणे हा तसा माझा जन्माचा धंदा. तीस वर्षे मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले आणि दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत मान घालून बसलो. परंतु ज्या विषयाची परीक्षा घ्यायची तो आपल्याला थोडाफार यावा, अशी अट तिथे निदान कागदोपत्री तरी होती. बिअर मी आयुष्यात पाच-सहा वेळांहून अधिक घेतलेली नाही, आणि घेतली तेव्हाही ती कडू लागली यापलीकडे तिच्याविषयी माझे काही मत झाले नाही. तरीही हा योग आला तो माझ्या चुलतपुतण्यामुळे.

हा मुलगा बारा वर्षे अमेरिकेत बॉस्टनजवळ नोकरी करतो. तिथल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारी करायचे काय, म्हणून त्याने घरच्या घरी बिअर करण्याचा नाद लावून घेतला, आणि आता त्या नादाला विद्येचे रूप आले आहे. बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था तिकडे १९८५ पासून आहे. 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' हे तिचे नाव. तिची पहिली परीक्षा तो पास झाला असून चवीची परीक्षा व्हायची आहे. तिचा सराव म्हणून तो गुणपत्रिकांचे कोरे कागद जवळ बाळगतो. दिवाळीला कवठ्याला आला तेव्हा, मागे आम्हीच चकल्या भरून दिलेला पत्र्याचा डबा त्याने परत आणला. डब्यात पायमोज्यांत गुंडाळलेले बिअरचे चार कॅन होते.

कवठे म्हणजे शिरूर तालुक्यातले कवठे येमाई. येमाईचे देऊळ आणि तमाशाच्या फडांत नाव काढलेली माणसे यांमुळे पुणे जिल्ह्यात ते ठाऊक आहे. आमचे घर गावाबाहेर वस्तीवर. तिथे माझी चुलती राहते. नव्वदीला टेकली आहे. लहानथोर सगळे तिला नानी म्हणतात. पुतण्या हा तिचा सख्खा नातू. नानीच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येत नाही. हा नियम केव्हाचा आणि कशाचा, ते पुढे येईलच. सबब कॅन घरातल्या फ्रीजमध्ये जाण्याचा प्रश्न नव्हता. शिरूरहून थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणून ती पेटी गोठ्यामागच्या चिंचेखाली ठेवली, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेची जेवणे उरकून बायका वामकुक्षीला टेकल्या असता, आम्ही दोघे चोरासारखे तिथे जाऊन बसलो. (दारूबंदीचा १९४९ चा कायदा आपल्याकडे अजून जागा आहे, आणि पिणाऱ्यालाही त्याखाली परवाना लागतो, हे बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊक नसते. पुतण्याला मी ठाऊक करून दिले होते आणि आम्ही तो काढलाही होता. जन्मभर शिस्तीचे धडे दिल्यावर म्हातारपणी एवढे तरी करावेच लागते.)

त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात जाणवणाऱ्या घट्टपणाला आणि बुडबुड्यांना पाच, आणि शेवटी एकंदर ठशाला दहा. सर्वांत आधी वास घ्यायचा, कारण तो सर्वांत आधी उडून जातो. लिहून होईपर्यंत शेजारच्याशी एक शब्द बोलायचा नाही. अंगाला अत्तर नको. लिहायला शिशाची कांडी घातलेली यांत्रिक पेन्सिल. साधी पेन्सिल चालत नाही, कारण तिच्या लाकडाला वास असतो. बिअर कितीही टाकाऊ असली तरी तेराच्या खाली गुण न देण्याचा रिवाज आहे. हे ऐकून मला त्या परीक्षकांविषयी आदर वाटला. आमच्या विद्यापीठात शून्य देताना मी पुष्कळांचे डोळे चमकलेले पाहिले आहेत.

"काका, आधी नुसता वास. प्यायचं नाही अजून," असे म्हणत त्याने पेल्यात बिअर ओतली, आणि मी दचकलो. बिअर म्हणजे सोनेरी, पारदर्शक, पेल्यापलीकडचे वर्तमानपत्र वाचता यावे अशी, अशी माझी समजूत. ही चक्क गढूळ होती. गुऱ्हाळावर चरकाखालच्या पिंपातला रस दिसावा तशी. रंग मात्र संत्र्याच्या रसाकडे झुकणारा. मी सहानुभूतीने म्हटले, "प्रवासात नासली वाटते." तो हसला. ती तशीच असायची होती. तिचे पूर्ण नाव 'हेझी डबल इंडिया पेल एल', आणि हेझी म्हणजे धुकट. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे राज्य आहे, तिथल्या 'हेडी टॉपर' नावाच्या बिअरने या धुकटपणाची वाट पाडली. त्याआधी बिअर करणाऱ्याला गढूळपणा हा दोष वाटे. तो काढण्यासाठी गाळण्या लावत, बिअर थंडीत निवळत ठेवत. मग काहींनी गाळणे सोडले, गहू आणि ओट घालून तिला मुद्दाम जाड केले, आणि हॉप नावाच्या वेलाची बोंडे उकळताना घालण्याऐवजी आंबवण नासू न देता मागाहून भरपूर घातली. त्या धान्यांतली प्रथिने आणि बोंडांतली तुरट द्रव्ये एकमेकांना धरून तरंगत राहतात; त्याचे ते धुके. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बिअर करणाऱ्यांच्या संघटनेने या धुकट प्रकाराला आपल्या यादीत रीतसर जागा दिली. म्हणजे जो दोष होता तोच गुण झाला, आणि आता अशी बिअर स्वच्छ दिसली तर तिचे गुण कापतात!

आता एखादा चटकन म्हणेल, पाहा, सगळे मानण्यावर आहे. मला तसे वाटले नाही, आणि त्याला कारण आमचा गूळ. दौंडकडच्या बाजूला आजही पुष्कळ गुऱ्हाळे चालतात. चांगला गूळ कसा दिसतो असे शहरातल्या गिऱ्हाइकाला विचारा. तो सांगेल, पिवळाधमक. वास्तविक नुसत्या भेंडीच्या रसाने मळी काढून केलेला गूळ तांबूस-काळसर असतो. पिवळेपणा यावा म्हणून काहिलीत हायड्रॉसची पूड टाकतात. गिऱ्हाईक पिवळ्याला जास्त पैसे मोजते, म्हणून गुऱ्हाळवाला पूड टाकतो. आणि गुऱ्हाळवाला स्वतःच्या घरच्या पुरणपोळीला काळा गूळ बाजूला काढून ठेवतो. तेव्हा स्वच्छ ते चांगले, हा डोळ्यांचा पूर्वग्रह जिभेने मोडला तर त्यात मनमानी नाही. उलट जीभ आपला हक्क परत मागते आहे. पन्नासांत रूपाला तीनच गुण का, हे मला तिथे समजले.

नावातल्या 'इंडिया'ची गोष्टही पुतण्याने सांगितली, पण ती मला अर्धी ठाऊक होती. कंपनी सरकारच्या काळात लंडनजवळच्या बो इथला हॉजसन नावाचा बिअरवाला आपली पिंपे हिंदुस्थानात जाणाऱ्या जहाजांवर चढवी. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायला चार-सहा महिने लागत. हॉप भरपूर घातलेली बिअर त्या प्रवासात टिके. ती हिंदुस्थानासाठी म्हणून नव्याने शोधून काढली ही दंतकथा. तसली बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच, पण इकडच्या गोऱ्यांनी ती उचलून धरली आणि १८३० च्या सुमारास 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव जाहिरातींत छापून येऊ लागले. आमचे तालुक्याचे गाव शिरूर, म्हणजेच घोडनदी, ही इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि मागाहून आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवीत. अशाच छावण्यांतल्या साहेबांसाठी ती पिंपे येत होती. दोनशे वर्षांनी त्याच पेयाचा नातू अमेरिकेची वारी करून चकलीच्या डब्यातून आमच्या चिंचेखाली आला, याची मला गंमत वाटली. इतिहासाला कधी कधी बरी विनोदबुद्धी असते.

मी पेला नाकाशी धरला. आंबा! हापूस नव्हे, पिकून गळलेला रायवळ. मग पपनस, मग संत्र्याची साल नखाने सोलताना उडणारा तुषार. त्यात आंब्याचा थेंबही नाही, हे तो शपथेवर सांगत होता. आंब्यात आणि हॉपच्या बोंडांत मायर्सीन नावाचे एकच सुवासिक द्रव्य असते, ते आपली ही फसगत करते. (हॉपचा वेल वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने भांगेच्या कुळातला. ही माहिती मी काशीच्या एका स्नेह्याला लगेच पत्राने कळवली.) मग एक घोट. तोंडात पेजेसारखा मऊपणा, गोडसर सुरुवात, आणि कडूपणा अगदी उशिरा. कारल्यासारखा तो पुढे होऊन बोलत नाही. सगळ्यांचे बोलून झाल्यावर शेवटी दोन शब्द बोलणाऱ्या जाणत्या माणसासारखा येतो आणि बराच वेळ राहतो. घोट थुंकायचा नाही, कारण तो शेवटचा कडूपणा गिळल्याशिवाय कळत नाही. 'डबल' म्हणजे नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दीडपट मद्यार्क. या कॅनवर आठ टक्के लिहिले होते. पण तो जिभेला जाणवला नाही. तो जाणवू नये, हेच करणाऱ्याचे कसब, असे पुतण्या म्हणाला.

मी लिहू लागलो. वास दहा. रूप तीन. चव पंधरा. तोंडातला स्पर्श चार. आणि 'एकंदर ठसा' या रकान्यापाशी येऊन माझी पेन्सिल थांबली.

गोठ्याच्या भिंतीपलीकडे नानी झोपली होती.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आगेमागे, आमचे चुलते हातभट्टीची दारू पीत. त्या वेळी राज्यात कडक दारूबंदी होती, आणि ओढ्याओढ्याला भट्ट्या होत्या. बाजारात न खपणारा काळा गूळ आणि नवसागर यांची ती दारू. चुलते अंगापिंडाने थोराड, बोलायला लाघवी. न प्यायलेले असले की आम्हां पोरांना खांद्यावर घेऊन नदीवर नेत. मळ्यातली दोन एकर त्यांनी पायरी पायरीने विकली. मला आठवते ते याहून लहान आहे. संध्याकाळी ते बांधावरून येताना दिसले की नानी चुलीपासून उठून दारात येई. ते उंबऱ्यापाशी येत. ती काही बोलत नसे. तिची मान अगदी किंचित पुढे होई, नाकपुड्या हलत, आणि त्या एका श्वासात तिचा निकाल लागे. मग ती एकतर ताट वाढायला वळे, किंवा माझ्या चुलतभावंडांना नजरेने खूण करी आणि ती पोरे मागच्या दाराने आमच्या खोपटात झोपायला येत. कोणत्या ओढ्याची दारू, किती, रिकाम्या पोटी की खाऊन, एकट्याने की त्या अमक्याबरोबर. आणि म्हणून आज रात्री काय होणार? हे सगळे ती त्या श्वासात ओळखी. तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. एकदा त्यांनी वेलदोडे चघळून येऊन पाहिले. त्या रात्री पोरे नेहमीपेक्षा लवकर आमच्याकडे आली.

चुलते १९७० साली गेले. उंबऱ्याचा नियम तेव्हापासूनचा.

तर पेन्सिल थांबली ती इथे. या पेयाच्या एकंदर ठशाला दहापैकी किती? मी पुतण्याला माझी अडचण सांगितली. तो आजोबांना फोटोतूनच ओळखतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, "काका, कळतं मला. पण इथं ते धरायचं नसतं. ही बिअर कशी आहे, एवढंच विचारलंय."

मला हसू आले, कारण हे वाक्य मी तीस वर्षे वर्गात उच्चारले होते. ते त्याचे नव्हे. त्याचा उगम जर्मनीत, कान्टच्या १७९० च्या ग्रंथात आहे. कान्ट एका राजवाड्याचा दाखला देतो. हा वाडा सुंदर आहे का, असे मला विचारले, तर मी म्हणू शकेन की असली डामडौलाची कामे मला आवडत नाहीत. किंवा रूसोच्या थाटात मी बड्या लोकांवर ताशेरे झाडू शकेन, की गोरगरिबांचा घाम त्यांनी असल्या निरर्थक वस्तूंवर उधळला. कान्ट ते सारे कबूल करतो आणि म्हणतो की विचारलेले ते नाही. सौंदर्याचा निवाडा करणाऱ्याने वस्तूच्या असण्या-नसण्यात आपला लाभ-तोटा गुंतवता कामा नये. रा. भा. पाटणकरांच्या १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'ने कान्ट मराठीत आणला, तेव्हा आम्हां तरुण मास्तरांना तो पाठच झाला. अर्थात कान्ट पेयांना या पंक्तीला बसू देत नाही. अमुक द्राक्षमद्य रुचकर आहे असे म्हणू नये, 'मला' रुचकर आहे असे म्हणावे, असे तो बजावतो. पण यात तो चुकला असे मला वाटते. आपल्या भरताने रस म्हणजे काय हे सांगताना थेट जेवणाचाच दृष्टान्त घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न चाखणारा जाणकार त्याला नाटकाच्या प्रेक्षकाच्या पंक्तीला बसवायला लाज वाटली नाही. पुतण्याचा कागद भरताच्या बाजूचा आहे. चव ज्याची त्याची, एवढे बोलून तो सुटत नाही. कारण सांग म्हणतो.

या बाबतीत ह्यूमने १७५७ मध्ये सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ती त्याने 'डॉन किहोते'तून घेतली. सांको पान्साच्या घराण्यात दोन नामांकित दारूपरीक्षक होते. एकदा त्यांना एका पिंपातली दारू दिली. एकाने ती जिभेच्या टोकाला लावली, दुसऱ्याने नुसती नाकापाशी नेली. पहिला म्हणाला, लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, छे, चामड्याची. मालक रागावला, पिंप स्वच्छ होते, दारू चांगली होती. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक लहानशी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीत ओवलेली. ह्यूम यावरून म्हणतो की रुचीतही खरे-खोटे असते. ते ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये थोड्यांची असतात. आणि अशा परीक्षकाच्या अंगी काय हवे? सराव हवा, तुलना हवी, आणि मुख्य म्हणजे मनात आधीपासून काही धरलेले नको. त्याने आपली परिस्थिती विसरावी.

वर्गात मी हे सांगे तेव्हा मुले माना डोलावत आणि मीही डोलावी. मी स्वतः ते पाळलेही आहे. परीक्षेत नक्कल करून दुसऱ्यावर आळ घालणारा एक मुलगा मला ठाऊक होता. पुढच्या वर्षी त्याने नीतिशास्त्रावर असा काही निबंध लिहिला, की मी त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. मला त्याचा आजही पश्चात्ताप होत नाही. निबंधाचे गुण निबंधाला. याच न्यायाने चुलत्यांच्या पापाबद्दल या परदेशी बिअरचे दोन गुण कापणे हा अप्रामाणिकपणा झाला असता. वासाला दहा वाटले तर दहाच लिहायला हवे.

इथवर सारे ठीक. पण नानी त्या उंबऱ्यात उभी राहून घेत होती तो श्वास कोणत्या खात्यात टाकायचा? तिच्याइतके सूक्ष्म नाक मी दुसरे पाहिलेले नाही. सांकोच्या नातलगांनी तिच्यापुढे हात जोडावेत. आणि ते नाक तटस्थ नव्हते. ते भीतीने तयार झाले होते. लाभ-तोटा गुंतला नसता तर त्याला काहीच कळले नसते. त्या एका श्वासावर चार पोरांची झोप टांगलेली होती. ह्यूमने परीक्षकाला आपली परिस्थिती विसरायला सांगितले. नानीचे सारे कौशल्य ती क्षणभरही न विसरण्यातून आले. मग असे तर नाही, की वस्तू तिच्या परिणामांपासून वेगळी काढून हातात धरता येणे हा बुद्धीचा गुण नसून नशिबाचा भाग आहे? पुतण्याला ते जमते, कारण त्याच्या वाट्याला उंबरा आला नाही. मला अर्धे जमते, कारण मी शेजारच्या खोपटातून पाहिले.

आपल्या राज्यात दारूची परीक्षा घेणारा दुसराही एक कागद आहे. गावातले दारूचे दुकान बंद करावे की नाही यावर बायकांचे मतदान घेता येते. अक्षर न येणारीलाही कळावे म्हणून मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत बाटली आडवी झाली आहे. त्या कागदावर वासाला रकाना नाही, रूपाला नाही. पन्नासांऐवजी दोनच गुण, एक किंवा शून्य. शिक्षक म्हणून मला ही गुणपद्धती फार ओबडधोबड वाटायला हवी होती. वाटत नाही. एवढेच आहे, की पुतण्याचा कागद त्या मतपत्रिकेला 'विचारलेले हे नाही' असे म्हणतो, आणि मतपत्रिकाही त्याला नेमके तेच म्हणू शकते. कोणता प्रश्न विचारायचा हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र दोन्ही कागदांवर छापलेला नाही.

आमच्या गावचे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर हे दोन्ही कागद जणू एकाच झोळीत घेऊन हिंडले. जत्रेच्या कनातीत फड उभा राहावा अशा लावण्या त्यांनी लिहिल्या, आणि हुंडा व व्यसन यांविरुद्धची गाणीही त्याच लेखणीने लिहिली. २०१८ चा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. रंगाची बाजू आणि घराची बाजू यांत त्यांना विरोध दिसला नसेल असे नाही. पण एकीसाठी दुसरी खोटी ठरवावी असे त्यांना वाटलेले दिसत नाही. मला त्यांच्याइतके सोपे जात नाही.

मी शेवटच्या रकान्यात सात लिहिले. एकूण एकोणचाळीस. पुतण्याने आपला कागद उलटा करून दाखवला. त्याचे चाळीस होते. आमची मते एवढी जुळल्याचा त्याला केवढा आनंद झाला!

"कसला वास येतोय रे?"

नानी गोठ्याच्या कोपऱ्याशी काठी टेकून उभी होती. आम्ही दोघेही उभे राहिलो. पुतण्याचा हात पेला पाठीमागे न्यायला निघाला होता, तो मध्येच थांबला. मुलगा सरळ आहे. तो म्हणाला, "नानी, बिअर आहे. मी शिकतोय ना ते. घरात आणली नाही."

"बघू."

त्याने पेला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला नाही. मान किंचित पुढे केली. मला ती मान ओळखीची होती. पाऊणशे वर्षांच्या उन्हातान्हाने कातडे सुरकुतले असेल, पण नाकपुड्या तशाच हलल्या. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि साठ वर्षांनी पुन्हा मला मागच्या दाराकडे बघावेसे वाटले.

"आंब्याचा हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वरून आंब्याचा. खाली त्योच हाय."

"तोच म्हणजे?" पुतण्याने विचारले.

नानीने त्याच्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही. "ऊन उतरलंय, चहा टाकते. या हात धुऊन," असे म्हणून ती वळली. काठीचा आवाज गोठ्यापलीकडे गेला.

पुतण्या खाली बसला. त्याने पेला पुन्हा नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला. पेल्यातली बिअर आता उन्हाने कोमट झाली होती. मग त्याने डोळे उघडले, आपला कागद सरळ केला आणि वासाच्या रकान्यात लिहिले: 'मद्यार्क जाणवतो.' खोडरबराने दहा खोडून त्याने तिथे आठ केले.